खालच्या डोहावरची लेक

नदीच्या एका वळणावर, करंजाच्या झाडांखाली, प्राण्यांची लहानशी वस्ती होती. गवे, रानडुकरे, माकडे अशी सगळी मंडळी तिथे नांदत. आणि मुलांनो, जिथे मंडळी तिथे घाण ही आलीच. पण वस्तीचे सांडपाणी थेट नदीत जात नसे. ते आधी एका उथळ पाणथळीत उतरे. तिथे गाळ तळाशी बसे, उरलेली घाण लव्हाळ्यांची मुळे शोषून घेत आणि निवळलेले पाणी सावकाश नदीला मिळे. उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून तिथला गाळ उपसायचा, असा वस्तीचा नियम होता. त्या दिवशी निम्म्या मंडळींचे पोट दुखे, हेही ठरलेलेच!

या पाणथळीशेजारी एक पाणमांजर राहत असे. मोठे नीटनेटके, पण तितकेच उतावळे. एके दिवशी वासाला कंटाळून ते म्हणाले, "हा वास किती दिवस सोसायचा? एक चर खणा आणि घाण सरळ नदीत सोडा. वाहते पाणी आहे, कुठल्या कुठे घेऊन जाईल!"

"अहो, कुठल्या कुठे म्हणजे कुठे, ते तरी सांगा!" टिटवी ओरडली.

"आपल्याकडे तर नाही ना?" पाणमांजर म्हणाले आणि सगळे हसले. टिटवी काय, ऊठसूट ओरडतेच. तिचे कोण मनावर घेणार? रानडुकरांना तर उकरायला निमित्तच हवे होते. संध्याकाळपर्यंत चर तयार झाला. पाणथळ सुकली, लव्हाळे पिवळे पडले, वास गेला आणि गाळ उपसण्याची कटकटही मिटली. जो तो पाणमांजराची वाहवा करू लागला. ते स्वतः मासे धरायला नदीच्या वरच्या अंगाला जाई, त्यामुळे त्याला कशाचीच झळ लागली नाही.

पाणमांजराची लेक खालच्या डोहावर दिलेली होती. दर वर्षी थंडी सरता सरता ती पिल्लांना घेऊन माहेरी येई. त्या वर्षी तिला दोन पिल्ले झाली होती. आजोबांनी नातवंडांसाठी चांगली जाडजूड मरळ धरून ठेवली आणि ते वाट पाहत बसले. लेक आली, पण तिच्या तोंडात एकच पिल्लू होते. तिने ते बापापुढे ठेवले. ते मान उचलत नव्हते.

"बाबा, डोहाचं पाणी काळं झालंय हो. मासे उताणे तरंगतात. धाकट्यानं त्यातलाच एक खाल्ला, तो गेला. तुमच्याकडचं पाणी चांगलं, म्हणून याला घेऊन आले. हा तरी वाचेल ना? वरून कोणी काही सोडतंय का हो?"

खाली मान घालून बाप म्हणाला, "मीच, पोरी. मीच सोडायला लावलं."

पिल्लाला पोटाशी घेऊन लेक पाठ फिरवून बसली. पाणमांजर उठले आणि एकटेच चर बुजवू लागले. थोड्या वेळाने रानडुकरेही आली; त्या दिवशी कोणाचेच पोट दुखले नाही. पण चर बुजला म्हणून लव्हाळे काही लगेच उभे राहत नाहीत. ते हिरवे व्हायला पुढचा पावसाळा जावा लागला. वासही परत आला. माकडांनी नाके मुरडली तेव्हा पाणमांजर म्हणाले, "येऊ दे. तो आपलाच आहे."

पिल्लू हळूहळू सावरले. डोह निवळल्याचे टिटवीने येऊन सांगितले, तेव्हा लेक सासरी निघाली. बाप तिला वळणापर्यंत पोहोचवायला गेला. दर वर्षी निघताना प्रत्येक पिल्लासाठी एक मासा बांधून देणारा तो बाप, त्या दिवशी एकच मासा घेऊन उभा होता.

तात्पर्य : नदीत सोडलेली घाण नाहीशी होत नाही, ती कोणाच्या तरी दारी जाते, आणि खालच्या अंगालाही कोणाची तरी लेकरे तेच पाणी पितात.