गाडी न आलेला फलाट

ऑस्ट्रेलियाच्या सपाट माळावर डॅरिगल नावाचे गाव आहे. गावाला रेल्वेचा फलाट आहे, रूळ मात्र नाहीत. छातीइतका उंच दगडी फलाट आणि टोकाला पितळी घंटा. पाहुणे आधी फोटो काढतात आणि मग रूळ कुठे गेले म्हणून विचारतात. गाव दाखवणाऱ्या ऐंशीच्या बेरिलबाई ठसक्यात म्हणतात, "नव्हतेच कधी. बसा, सांगते."

फार वर्षांपूर्वी इथे ओवेन नावाचा गवंडी राहत असे. रेल्वे येणार अशी नुसती आवई उठली आणि या पठ्ठ्याने बाजारात तुरी असतानाच फलाट बांधून काढला. त्यासाठी वापरलेला दगड त्याच्या बायकोच्या, हेस्टरच्या, घरासाठी आणलेला होता. रेल्वे गेली चाळीस मैल लांबून. तरी ओवेन रोज सव्वाचारला, गाडीची वेळ झाली म्हणून, घंटा वाजवी आणि गाव खो खो हसे. हेस्टर पत्र्याच्या झोपडीत राहिली. रागाने तिने त्या फलाटावर कधी पाऊल ठेवले नाही.

मग एका वर्षी ओवेन लोकरीच्या बैलगाड्यांबरोबर माळापलीकडे गेला आणि मागे पूर आला. त्या माळावर पूर धावत येत नाही, गुपचूप पसरतो. घराघरांत पाणी शिरले तेव्हा सगळे गाव कोंबड्याकुत्र्यांसकट फलाटावर चढले, कारण दुसरा उंचवटाच नव्हता. हेस्टरही चढली. पावसाने चारी दिशा पुसून टाकल्या होत्या. गाडीवाल्यांना गाव कुठे आहे ते कळणार कसे?

हेस्टरने घंटेची दोरी धरली. तो माणूस या दगडावर उभा राहीपर्यंत दोरी सोडणार नाही, असे ती म्हणाली म्हणे. दुपार सरली, तळहात सोलून निघाले. ज्या नवऱ्याला ती उठताबसता खुळा म्हणे, त्याच्यासाठी तिचा जीव तीळतीळ तुटत होता.

दुकानदार म्हणाला, "राहू दे, बाई. आता कोण यायचंय?"

"गाडी यायचीय," हेस्टर म्हणाली.

संध्याकाळी पाण्यातून बैलांची शिंगे दिसली. आवाजाच्या रोखाने अकरा गाडीवाले आले, बैलांच्या शेपट्या धरून. सर्वांत शेवटी ओवेन वर चढला. तेव्हा कुठे तिने दोरी सोडली आणि त्याला किटलीतला चहा ओतून दिला.

"उशीर केलास," एवढेच ती बोलली.

त्या दिवसापासून घंटा तिनेच वाजवली, मरेपर्यंत.

आजही डॅरिगलमध्ये सव्वाचारला घंटा होते. पाहुण्यांना फलाटावर चढवतात, हातात चहा देतात आणि गावातली सर्वांत म्हातारी बाई प्रत्येकाला दटावते, "उशीर केलात." सध्या हा मान बेरिलबाईंचा आहे. पाहुणे हसतात. बेरिलबाई हसत नाहीत, सगळे वर आले का ते मोजून पाहतात आणि मगच दोरी सोडतात.