दोन नंबरांचा तुकडा

रस्ते एकमेकांशी बोलत, त्या काळची गोष्ट. समुद्राकडे जाणारा आणि घाटाकडे जाणारा, असे दोन महामार्ग एका ओढ्यापाशी एकत्र येत आणि ओढा ओलांडला की पुन्हा वेगळे होत. मधल्या तुकड्याच्या दगडावर दोघांचेही नंबर रंगवलेले होते. तिथली चिंचांची गार सावली बघून दोघं भांडत, "हा तुकडा माझा!" बिचारा तुकडा दोघांचंही ओझं मुकाट्याने वाहायचा.

एका पावसाळ्यात ओढ्यावरची मोरी खचू लागली. तुकडा कळवळला, "कुणीतरी बघा रे!"

"तो बघेल की," समुद्राकडचा म्हणाला. घाटाकडच्यानेही तेच सांगितलं.

शेवटी मोरी कोसळली. दोन्हीकडे गाड्यांच्या रांगा लागल्या. दोघं खेकसले, "काय केलंस हे?"

तुकडा हळूच म्हणाला, "मोडलो मी एकटाच. पण अडलात तुम्ही दोघं."