मोरपंखी दगड

एक होता राजा. पण या गोष्टीत राजापेक्षा त्याची लेकच जास्त येते, चालेल ना? तिचं नाव चंद्रावळ. हात फार वळवळे तिचे. कुणासारखे, ते मी सांगत नाही!

एकदा काय झालं, ती डोंगरातल्या झऱ्यावर गेली. तिथे एक दगड होता. निळा, जांभळा, हिरवा, अगदी मोराच्या गळ्यासारखा. तिनं तो घरी आणला. मग तिला वाटलं, हा मळलाय. देवाची भांडी घासतात तशी चिंच घेतली आणि घासघास घासला. रंग गेले की सगळे! खाली नुसता पितळी दगड. तो तिनं आपल्या टोपलीत टाकला. टोपलीत तसलेच पिवळे दगड ढीगभर. आणि तिकडे झरा आटला, बरं का.

डोंगर गरजला, "माझा दगड द्या. दुसरा ठेवलात, तर पाणी कायमचं गेलं!"

आता ओळखायचा कसा?

मग सोनार आला. त्यानं एकेक दगड कसोटीवर ओढला. सगळ्यांची रेघ काळी. "सोनं नाही महाराज, एवढंच कळतं."

मग लोहार आला. त्यानं प्रत्येक दगडाची चिमूटचिमूट पूड विस्तवावर टाकली. सगळ्यांना गंधकाचा वास. तोही हात झटकून उठला.

मग चंद्रावळ रडत म्हणाली, "बाबा, मीच घासला हो. डोंगरात त्याला रंगवायला कोण गेलं होतं? वाऱ्यावर पडूनच आला असेल रंग. राहू द्या ना सगळे उघड्यावर. ज्याला पुन्हा रंग चढेल, तोच डोंगराचा."

दगड अंगणात मांडले. गावाच्या घशाला कोरड. राणी म्हणे, "ठेव गं कुठलातरी!" चंद्रावळ ऐकेना. दगडांवर धूळ बसली, पुसायला हात शिवशिवले. तिनं ते मांडीखाली दाबून धरले. फार अवघड असतं बाळांनो, काही न करणं.

आणि एका सकाळी एका दगडाची कड निळी झाली. मग जांभळी. मग हिरवी!

तिनं तो न पुसता, धुळीसकट झऱ्याशी नेऊन ठेवला. आधी थेंब आला, मग धार लागली.

सोनारानं विचारलं, "राजकन्ये, याची किंमत काय लावायची?"

तिनं त्याच्या ओंजळीत पाणी घातलं. तो घटाघट प्यायला आणि पुन्हा त्यानं काही विचारलं नाही.

मग सगळं गाव पोटभर पाणी प्यायलं, सुखात राहिलं. दगड अजून तिथेच आहे, कुणी घासत नाही. चला, तुमचेही हात पांघरुणात. मिटा डोळे.