चाकावरचे थेंब

"मग हिला स्पोर्ट्स कार का म्हणायचं नाही, उस्ताद?"

हिंदुरावने लाल अमेरिकन गाडीच्या बॉनेटवर थाप मारली. आतलं आठ सिलिंडरचं इंजिन त्याने दोन वर्षं खपून बांधलं होतं. रविवारी घाटातली शर्यत होती, आणि दस्तगीर उस्तादांनी स्वतः चावी हातात दिल्याशिवाय त्यांच्या गॅरेजमधली गाडी शर्यतीला जात नसे.

"ही मसल कार," उस्ताद म्हणाले. "घरगुती गाडी, त्यात दांडगं इंजिन."

"सरळ रस्त्यावर हिला कोण गाठतंय?"

"कोणी नाही."

"आणि तुमची ती?" हिंदुराव शेजारच्या बुटक्या, दोन सीटच्या गाडीकडे बघून हसला. "तिच्या इंजिनावर पिठाची गिरणी तरी चालेल का?"

"ती स्पोर्ट्स कार. जा, घाट चढून उतरून ये. आधी तुझी घेऊन, मग माझी."

...

दोन्ही फेऱ्या झाल्या.

"चढाला तुमची गाडी माझ्या निम्म्यानंही पळत नाही, उस्ताद."

उस्तादांनी बॉनेट उघडलं नाही. ते लाल गाडीच्या पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले. तांब्यात बोटं बुडवून त्यांनी ब्रेकच्या ड्रमवर पाणी शिंपडलं.

तापल्या तव्यावर उडावेत तसे थेंब चरचरून उडून गेले.

मग ते आपल्या गाडीपाशी गेले. पाणी शिंपडलं. थेंब ड्रमवरून सावकाश ओघळले.

"उताराला तुझ्या गाडीत तुझा पाय कुठं होता?"

"ब्रेकवर."

"आणि माझ्या?"

"लक्षात नाही, उस्ताद. ब्रेक फारसा लागलाच नाही."

उस्तादांनी हात पुसले.

"ब्रेक मोठे बसवतो," हिंदुराव घाईने म्हणाला.

"बसव."

"वजन उतरवतो. स्प्रिंगा बदलतो."

"बदल."

"मग रविवारी जाईल ना?"

"मग ती ही गाडी राहील का?"

हिंदुरावने आपल्या हातांकडे पाहिलं. दोन वर्षांचं काळं तेल त्याच्या नखांत होतं. त्याचा आवाज खाली आला.

"म्हणजे माझी गाडी चुकली..."

उस्तादांनी लाल गाडीची चावी काढून घेतली, खिशात ठेवली, आणि तिच्या तापल्या बॉनेटवर हलकेच हात ठेवला.

"ती नाही चुकली, लेका. घाटात जायचंय ते तुला. तिला कधी विचारलंस?"