जाळीतला भोपळा

त्या दिवशी धुकं इतकं दाट होतं, की मी आमची समजून शेजारच्या कोंडाजीच्याच गाडीला बैल जुंपले. कोंडाजी हसला आणि स्वतःच हाकायला बसला. बरं झालं! मी हाकली असती तर राजवाड्याऐवजी ओढ्यात पोचलो असतो.

मागे माझी बायको हौसा गोधडीवर कुशीवर निजली होती. बसवतच नव्हतं तिला. धाकटीच्या वेळच्या बाळंतपणानंतर तिचं अंग बाहेर येऊ लागलं होतं. तेव्हा राजाच्या नावाने दवंडी फिरली, "राजवैद्यांची रेशमी जाळी आत शिवून घ्या, सगळं जागच्या जागी राहील!" मीच तिला हौसेनं घेऊन गेलो. शहाणा ना मी! वर्षभरात जाळी आतून काट्यांसारखी टोचू लागली. गावोगावच्या बायकांचं तेच.

आठ दिवसांपूर्वी हौसा त्या सगळ्यांच्या वतीने दरबारात गेली, तर राजा म्हणाला, "जाळी पाहिल्याशिवाय मी काही मानायचा नाही. आठ दिवसांत अख्खी काढून आण. अंगावर ओरखडाही नको!"

आज आठवा दिवस. आणि हौसाने बरोबर काय घेतलं? माझा भोपळा! माकडांच्या भीतीने मी कोवळ्या भोपळ्याला मासे धरायची जुनी जाळी गुंडाळली आणि विसरलो. भोपळा फुगला, दोऱ्या गरात रुतल्या. तेव्हा सारं गाव तो बघायला आलं होतं. हसायलाच, दुसरं काय!

"आणलीस जाळी?" दरबारात पोचताच राजाने विचारलं.

"सांगते. पण आधी महाराजांनी एवढी काढून दाखवावी. अख्खी! आणि भोपळ्यावर ओरखडा नको!"

राजाने ओढली, सेनापतीने ओढली. जाळी हलेना. राजवैद्यांनी बारीक सुरी काढली, वळवून वळवून पाहिलं. "अशी नाही निघायची. एकजीव झालीय. गरासकट कापावी लागेल," म्हणाले, आणि जीभ चावली.

"भोपळा ओरडत नाही, वैद्यबुवा," हौसा म्हणाली. "मी ओरडते!"

राजा कडाडला, "वैद्य, हा दोष तुझा!"

"माझा कसा? विणकराचा!"

राजाला राग कुठेतरी काढायचाच होता. "आणि या भोपळ्याची ही दशा कुठल्या मूर्खाने केली?"

मी हात वर केला. "मी, महाराज. बांधली मी, विसरलो मी. वेलाचा काही दोष नाही."

"बघा!" हौसा म्हणाली. "या माणसाला स्वतःची गाडी ओळखता येत नाही, पण हात वर करता येतो. महाराज, दवंडी कुणाच्या नावाची होती?"

राजाचा हात हळूहळू वर आला... आणि तो असा हसला, की पागोटं कानावर आलं!

"माझ्या! माझ्याच नावाची!"

त्याच दुपारी नवी दवंडी निघाली. जाळ्या बंद. दुखणाऱ्या प्रत्येक बाईवर राज्यातल्या सर्वांत कसबी हातांनी उपचार, आणि तिचा जन्मभराचा सांभाळ राजाकडे. राजवैद्यांनी घरोघर जाऊन प्रत्येकीचं दुखणं ऐकायचं आणि काय ऐकलं ते हौसाला येऊन सांगायचं! हौसाला मऊ गाद्यांची पालखी मिळाली. भोपळा राजाने सिंहासनाशेजारी ठेवून घेतला.

मी मोकळ्या हाताने गाडीत चढलो. या वेळी बरोबर गाडीत!

कोंडाजीने बैलांना हाक दिली आणि म्हणाला, "गेनू, पुढच्या साली काय बिघडवणार आहेस ते आत्ताच सांगून ठेव. राज्यातली पुष्कळ कामं अजून अडलीत!"