मर्जीचा दगड

या पाव्हणं, ह्या दगडावर उभं राहा. चपला राहू द्या पायात, देऊळ नाही हे. आता अगदी हळू, शेजारच्याला सांगावं तसं काहीतरी बोला. बघा, तळ्यापलीकडं पारावर बसलेल्या तात्यांनी हात वर केला. त्यांना ऐकू गेलं. एरवी घरात सून हाका मारून दमते, पण ओ देतील तर शपथ. ही करणी त्यांच्या कानांची नव्हे हो, तळ्याची.

फार पूर्वी इथं तळं नव्हतं, असं सांगतात. वर आसरवाडी, पारावर पंचांची बैठक, आणि उताराला खालची वस्ती. त्या वस्तीतल्या माणसानं पाराजवळ यायचं नाही, ह्या दगडाशी थांबायचं, अशी रीत. त्यांचं म्हणणं केरबा वर न्यायचा. तो त्याच वस्तीचा, पण निरोप्या म्हणून त्याला एकट्याला पारापर्यंत जायची मुभा. आणि पाटलांपुढं कुठलंही बोलणं 'जी, आपली मर्जी' म्हणूनच सुरू करायचं. मागणं काय ते त्यामागून.

वस्तीत हौसा नावाची बाई होती. तिची एकुलती एक लेक चिमी तापानं गेली होती. लहान लेकरांना जाळत नाहीत, पुरतात. वस्तीची अशी सगळी लेकरं मधल्या सखल रानात, एका करंजाखाली होती. हौसा कामावरून येताना तिथं घटकाभर बसायची. चुकलं नाही कधी.

मग विहिरी आटल्या आणि पंचांनी त्याच सखल रानात तळं बांधायचं ठरवलं. तळं नको असं हौसा म्हणत नव्हती, पाणी काय तिला नको होतं? मागणं एवढंच, की बांध थोडा वर घ्या, लेकरांची जागा कोरडी राहू द्या. वस्तीनं तिलाच पुढं केलं. ह्या दगडावर उभं राहून तिनं केरबाला सगळं नीट सांगितलं.

केरबा पारावर गेला. इथून तिला नुसतं दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. केरबा वाकला, काहीतरी बोलला, पाटलांनी मान डोलावली. हौसाच्या जिवात जीव आला. त्या संध्याकाळी करंजाखाली बसून ती म्हणाली म्हणे, "चिमे, ऐकलं गं त्यांनी."

बांधाचं काम निघालं. माती वाहायला वस्तीच, त्यात हौसाही. बांधाची रेघ करंजाच्या खालच्या अंगानं आखलेली दिसली, म्हणजे करंज पाण्यातच जाणार, तेव्हा पाटी तिथंच ठेवून ती निघाली. तिनं केरबाला गाठलं.

"भावजी, माझं काय पोचवलंत?"

केरबाला वर बघवेना. "'जी, आपली मर्जी' म्हणालो. पाटील म्हणाले, झालं तर मग. लगेच दुसरा विषय निघाला. मधे तोंड कसं घालू, वहिनी?"

वस्तीनं पुन्हा विनवण्या केल्या. तुमचा होकार पंचांनी ऐकलाय, असं उत्तर आलं. तो होकार कुणी दिलाच नव्हता, पण हे सांगायचं कुणाच्या तोंडून?

पावसानं तळं भरत आलं. करंजाचा शेंडा तेवढा वर राहिला. हौसा ह्या दगडावर आली. या वेळी केरबाला तिनं मागं सारलं आणि पाराकडं बघून बोलली. ओरडली नाही. "मर्जी तुमची असेल. लेक माझी आहे." पाण्यावरून तो आवाज पारावरच्या प्रत्येकाच्या कानाशी गेला, असं म्हणतात. पंच उठून उभे राहिले. तोवर ती पाण्यात उतरून शेंड्याकडं चालू लागली होती. ती परत आली नाही. पाटलांनी बांध फोडायला लावला म्हणे, पण उशीर झाला होता. फोडलेला बांध पुढं वस्तीनंच पुन्हा घातला. हौसा सापडली नव्हती; ती लेकीपाशी तळ्यातच आहे असं मानून तळं कोरडं ठेवायला त्यांचं मन होईना.

आजही आसरवाडीची ग्रामसभा पारावर भरत नाही, ह्या दगडाशी भरते. पहिलं बोलणं खालच्या वस्तीतल्या बाईचं, तिच्याच तोंडून. तिचं संपेपर्यंत सरपंचही उभे. 'आपली मर्जी' हे शब्द तर गावात सोयरीक ठरवतानासुद्धा कुणी काढत नाही. आणि मागितलेलं काम खरंच उभं राहिलं, की ती बाई इथं येऊन पाण्याकडं बघून म्हणते, "हौसाआई, ऐकलं गं त्यांनी." नुसती मान डोलावली म्हणून नाही म्हणत.

माझ्या आईनं ते एकदा म्हटलं होतं, वस्तीत नळ आला तेव्हा. त्यानंतर सभा पुष्कळ झाल्या. कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.