पेर नसलेले

त्या राज्यात उंच वाढलेल्यांचेच ऐकले जाई. राज्य उसाचे होते. पायाशी पसरलेल्या घोळ आणि तांदुळजा या रानभाज्या आपल्या वाटणीचे पाणी पितात, हे राजाला खुपू लागले. त्याने बाहेरून, फवारणीच्या डब्यातून, एक पहारेकरी आणवला. पहारेकरी इमानी होता, पण नजरेने अधू. समोरच्याला तो चाचपून ओळखायचा. म्हणून त्याला सोपी खूण सांगितली गेली: ज्याच्या अंगाला उसासारखे पेर नाही, तो परका. त्याला ठेवायचे नाही.

घोळ गेली. तांदुळजा गेला. हराळीने मात्र हात पुढे केला. तिच्या अंगाला बारीक का होईना, पेरे होती. पहारेकऱ्याने ती चाचपली आणि अदबीने वाट सोडली.

पहारेकऱ्याला राहायला जागा चिकणमातीने दिली. तिला सगळे मावशी म्हणत. हाताला लागेल ते धरून ठेवायची तिला सवय होती. काम झाले की वाळल्या पानांच्या पाचटाखालचे, मातीतले बारीक जीव पहारेकऱ्याला हळूहळू झिजवून संपवतील, असे ठरले होते. पण तोडणी झाली, राजा गेला, आणि मागे राहिलेले पाचट कोणीतरी पेटवून दिले. जीव उरले नाहीत. पहारेकरी उरला. मावशी त्याचे मनगट धरून बसू लागली.

एके सकाळी राजाच्या मागे उरलेल्या खोडातून मातीखाली कोंब फुटला.

"मावशी, वर जाऊ?"

"जरा थांब."

"रोज तेच सांगतेस. आणि तुझ्या घरात खोकतंय कोण?"

"पाहुणा आहे."

"जातच नाही तो कसला पाहुणा?" कोंब हसला.

मावशी हसली नाही. राजा गेला, आता घरी जा, असे तिने पहारेकऱ्याला परोपरीने सांगितले होते. हुकूम कुठे गेलाय, असे तो शांतपणे विचारायचा.

मग पाटाला पाणी आले. ओली झाली की मावशीची पकड सैल पडे. तिने बोटे आवळली, तरी मनगट निसटले. पहारेकरी कोंबापाशी गेला आणि त्याला बुंध्यापासून चाचपू लागला.

"राजाचा आहे तो," मावशी म्हणाली.

"मग पेर कुठे आहे?"

"येईल. लहान आहे अजून."

त्याने पुन्हा एकदा, नीट, शेंड्यापर्यंत चाचपले.

ऊन चढेपर्यंत कोंब पांढरा पडला होता. तुटलेल्या खोडासमोर ताठ उभा राहून पहारेकरी सांगत होता की राज्यात आता परके कोणी नाही. खोडावर कोपर टेकून बसलेली हराळी त्याला "बरं" म्हणत होती.